तळापासून तीन वळसे

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत लोक अजून मला रक्ताचे रिपोर्ट दाखवायला येतात. "शैलाताई, तुम्ही लॅबमध्ये होतात ना? जरा बघा हो, साखर जास्त आलीये का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे, की अहो, माझी लॅब वेगळी होती. मग कंटाळले. आता चष्मा लावते, कागदावरून नजर फिरवते आणि म्हणते, "गोड कमी करा, थोडं चाला." या सल्ल्याबद्दल आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही.

खरं सांगायचं तर नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी रक्ताचा एक थेंबसुद्धा मोजलेला नाही. मी मोजलं ते दही, मलम, टूथपेस्ट, भिंतीचा रंग, मेंदीचा लगदा, दाढीचा फेस. धड घट्ट नाही आणि धड पातळ नाही अशी जी जी म्हणून वस्तू आहे, ती माझ्या टेबलावर येऊन गेलेली आहे. विज्ञानात त्यांना 'सॉफ्ट मॅटर' म्हणतात. टूथपेस्ट ट्यूबमध्ये असते तोवर गप्प बसते, दाबली की बाहेर येते आणि ब्रशवर आली की परत गप्प बसते. पाणी असं करत नाही, दगडही करत नाही. ती किती जोर लावल्यावर हलते आणि हलल्यावर किती वेळाने पुन्हा बसते, हे आकड्यात सांगायचं, हा माझा धंदा. त्यासाठी एक यंत्र असतं, रिओमीटर. त्यात दोन गुळगुळीत तबकड्या असतात. मध्ये चमचाभर नमुना ठेवायचा, वरची तबकडी फिरवायची आणि फिरवायला किती जोर लागतो ते पाहायचं. आम्ही त्याला जातं म्हणायचो. परदेशी पाहुणे आले की तेवढ्यापुरतं रिओमीटर.

गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नग. डोंबिवलीची एक मेंदीवाली होती. बारीक नक्षी काढताना तिच्या कोनातली धार मध्येच तुटायची. मी आकडे काढून दिले, तर म्हणाली, "ते राहू द्या हो, तुम्ही हात पुढे करा." आणि नेमकी कुठे तुटते ते दाखवायला तिने माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रंगवले. त्याच आठवड्यात आमच्याकडे परिषद होती. मी नव्या नवरीसारखी पोस्टरपुढे उभी, आणि एक जर्मन गृहस्थ मला लग्नाच्या शुभेच्छा देऊन गेले.

टेंभी नाक्याकडच्या एका गोविंदा पथकाचा कप्तान तर चार बाम घेऊन आलेला. "मॅडम, खालच्या थरातल्या पोरांचे खांदे भरून येतात म्हणून बाम लावतो, आणि मग वरच्याचा पाय सटकतो. यातला न सटकणारा कुठला ते सांगा." मी इमानदारीत चारही तपासले. चारही सटकणारेच निघाले, कारण बाम चोळता यावा म्हणूनच तसा बनवतात. मी म्हटलं, "अरे बाबा, हंडी फोडून झाल्यावर लावा की." त्याने कपाळावर हात मारला. "च्यायला, हे सुचलंच नाय कोणाला," म्हणाला. पुढच्या वर्षी पथकाचा टी-शर्ट घरी आला. माझ्या मापाच्या दुप्पट होता, तो आमचे हे अजून झोपताना घालतात.

तर अशी माझी ठाण्यातली जहागीर सुखाने चाललेली असताना सामायिक प्रयोगशाळेचं घोडं दारात आलं. कल्याणला एक संस्था होती. त्यांच्याकडे भारी सूक्ष्मदर्शक आणि आमच्याहून नवंकोरं जातं. आमच्याकडे जुनं जातं, पण त्यावर बसलेला हात. दोन्ही संस्थांच्या वरच्या लोकांनी ठरवलं, की वेगळं वेगळं काय करत बसायचं, दोघांची मिळून एकच प्रयोगशाळा मानू. खोल्या दोन गावांत, पण यंत्रं सगळ्यांची, नमुने सगळ्यांचे, शोधनिबंधावर नावं सगळ्यांची. ऐकायला किती छान! पहिल्या बैठकीची अख्खी दुपार नावातच गेली. 'ठाणे-कल्याण' की 'कल्याण-ठाणे'? वडे आले, चहा आला, दुसऱ्यांदा चहा आला. शेवटी तोडगा असा निघाला, की ठाण्याच्या फाटकावर ठाणे आधी आणि कल्याणच्या फाटकावर कल्याण आधी. त्या दोन्ही पाट्या आजही तशाच आहेत.

करारातलं एक कलम मात्र चांगलं होतं. मोठा निष्कर्ष असेल तर तो दोन्हीकडे, दोन वेगळ्या माणसांनी मोजायचा. आकडे जुळले तरच प्रयोगशाळेच्या नावाने बाहेर जाऊ द्यायचा. ठाण्याचं माणूस मी. कल्याणचं माणूस जगन भोईर.

भोईर कल्याणजवळच्या गावातले. त्यांच्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत आणि त्या टॉवरांत भोईरांचे चार फ्लॅट आहेत. तरीही हा माणूस रोज नऊच्या ठोक्याला प्रयोगशाळेत हजर. मी एकदा विचारलं, "अहो भोईर, तुम्हाला नोकरीची काय गरज?" तर म्हणाले, "मॅडम, घरी बसलो तं बायको भाडेकरूंचे नळ दुरुस्त करायला लावते." हात एकदम सावकाश. नमुना उचलायचे तोही असा, की खरवसाची वडी ताटात ठेवतायत. मला त्यांचा तो संथपणा बघवत नसे. आमचे फोनवर खटके उडायचे. मी म्हणायचे कल्याणचं जातं नवं आहे पण चालवणारा झोपाळू आहे, ते म्हणायचे ठाण्याचं जातं आणि जातेवाली दोन्ही कुरकुरतात. आकडे मात्र जुळायचे. मलमं जुळली, रंग जुळले, एका कंपनीचा केसांचा जेल जुळला. मला वाटलं, चला, गाडं रुळावर आलं.

मग ऋतुजा आली. टिटवाळ्याची पोरगी, कल्याणच्या संस्थेत पीएचडी करणारी. बोलायला तिखट, कामाला वाघ. चिंचोक्याच्या पिठापासून तिने एक जेल बनवलेलं, भाजलेल्या जखमेवर लावायला. गंमत अशी होती, की ते नुसतं ठेवलं की आपोआप आवळून बसायचं. जखमेवरून ओघळायचं नाही आणि पट्टी काढताना कातडीही ओढायचं नाही. भाजलेल्या माणसाची पट्टी काढताना काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. तिच्या धाकट्या भावाच्या पायावर लहानपणी उकळतं पाणी सांडलेलं. तिने हे मला एकदाच सांगितलं, तेही ओझरतं, पण मला कळलं की पोरगी हे नोकरीसाठी करत नाहीये.

कल्याणला भोईरांनी मोजलं. आकडा झकास. मग बुधवारच्या गाडीने नमुना ठाण्याला आला आणि मी मोजला. आकडा निम्मा.

मी पुन्हा मोजला. निम्मा. दुसरी बाटली मागवली. तीही निम्मीच. मी भोईरांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, शिळफाट्याचे खड्डे. गाडीत घुसळलं जातं हो ते. ताक करून पाठवतोय आम्ही तुमाला." हसले, पण मुद्दा बरोबर होता. काही जेल अशी असतात की हलवलं की मोडतात आणि मग निवांत ठेवलं की हळूहळू सावरतात. म्हणून मी पुढची बाटली आल्यावर एक अख्खा दिवस कपाटात ठेवून दिली. कुणी हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या दिवशी मोजली. आकडा निम्माच.

आता गोष्ट वाकड्यात शिरली. ठाण्याचं म्हणणं, आमच्या शैलाताईंचा हात इतक्या वर्षांचा, तो चुकत नसतो. कल्याणचं म्हणणं, आमचं यंत्र नवं. मग उरलं कोण? पोरगी. कल्याणला मोजताना ऋतुजा भोईरांच्या शेजारी बसलेली असायची, आकडे तीच लिहून घ्यायची. कुणीतरी म्हणालं, लिहिताना आकडे फुगवले असतील. कोण म्हणालं ते कधी कळलं नाही, पण आठवड्यात ते दोन्ही संस्थांत सगळ्यांच्या तोंडी झालं. तिच्या मार्गदर्शकांनी तिच्याशी बोलणं बेताचं केलं. संयुक्त समितीची बैठक शुक्रवारी लागली आणि पत्रात स्पष्ट लिहिलेलं, की आकड्यांत फेरफार झाल्याचं दिसलं तर नोंदणी रद्द होईल. चार वर्षांचं काम आणि कपाळावर खोटारडेपणाचा शिक्का. त्यानंतर कुठल्या संस्थेने तिला दारात उभं केलं असतं?

ती मला भेटायला ठाण्याला आलेली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "मॅडम, मी एकही आकडा बदललेला नाही. मी चार वेळा केलेलं, चारही वेळा तेच आलं. तुम्हीच सांगा, आता मी काय करू?"

मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, "तू खोटं बोलत नाहीस, कळतंय मला. चूक त्या भोईरची आहे. सोमवारी मी येते कल्याणला. माझ्यासमोर मोजू देत. पकडतेच त्यांना."

सोमवारी मी गेले. खोटं कशाला बोलू, मी तयारीने गेले. वही घेतली, पेन घेतलं, इस्त्रीची साडी नेसले. भोईरांनी खुर्ची दिली, सरबत दिलं. "बसा मॅडम, परीक्षा घ्या." खोलीत आम्ही तिघंच, मी, ते आणि ऋतुजा. भोईरांनी तबकड्या पुसल्या, बरोबर. तापमान बघितलं, बरोबर. बाटलीचं झाकण काढलं. चपटा चमचा अलगद आत घातला, वरून एक वडी उचलली आणि तबकडीवर ठेवली.

मी खुर्चीतून उठलेच. "बघितलंस? बघितलंस ना ऋतुजा? ढवळलं नाही! अहो भोईर, बाटली उघडल्यावर तळापासून तीन वेळा ढवळून घ्यायचं असतं, एवढं साधं कळत नाही तुम्हाला? इतकी वर्षं काय केलंत?"

भोईरांनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग ऋतुजाकडे बघितलं. ती उठली, भिंतीवरची फाईल काढली आणि मोजणीचं पत्रक माझ्यापुढे धरलं. ते पत्रक मीच लिहिलेलं. करार झाला तेव्हा दोन्हीकडे एकाच रीतीने काम व्हावं म्हणून प्रत्येक पायरी मी स्वतः लिहून, सही करून कल्याणला पाठवलेली. तबकडी कशाने पुसायची तेसुद्धा त्यात होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "ढवळायचं असं यात कुठे लिहिलंय?"

मी पान उलटलं. परत उलटलं. कुठेच नव्हतं.

हे तीन वळसे कुठून आले ते सांगते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका रंगवाल्याची बाटली आलेली. रंग तळाशी बसलेला, वर नुसतं पाणी. मी नवशिकी, वरचं वर उचललं आणि रिपोर्ट दिला, 'रंग पाण्याइतका पातळ'. रंगवाला माझ्या टेबलाशी येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, याने तोंड धुऊ का मी?" तेव्हापासून मी कानाला खडा लावला. बाटली उघडली की तळापासून तीन वळसे. त्या गोष्टीला बावीस वर्षं झालेली. हात आपोआप फिरायचा, डोक्याला पत्ताच नसायचा. पत्रक लिहिताना मला जे आठवलं ते सगळं लिहिलं. हे आठवलंच नाही. आपण श्वास घेतो हे कोणी लिहितं का?

मलमांना, रंगांना या तीन वळशांनी काही होत नसे, तबकडीवर ठेवल्यावर मोजायच्या आधी पाच मिनिटं थांबतात, तेवढ्यात ती सावरायची, म्हणून कल्याणचे आकडे जुळत गेले. ऋतुजाचं जेल सावकाश सावरणारं होतं. ते दिवसभर कपाटात शांत बसून घट्ट झालेलं, आणि मी चिठ्ठी काढून, बाटली उघडून, पहिलं काम काय केलं तर ते मोडून ठेवलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले होते.

भोईर फार सज्जन माणूस. त्यांच्या जागी मी असते तर पेढे वाटले असते. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, सरबत पिऊन घ्या. गरम व्हतंय." ऋतुजाने पत्रक फाईलला परत लावलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय? जाऊन सांगायचं की मी ढवळत होते. ढवळणं हा काही गुन्हा नाही, जगभर मुद्दाम ढवळूनही मोजतात. पण ढवळून लिहायचं नाही, हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे. पत्रकाखाली सही माझी. एकदा ते बाहेर आलं की माझ्या बावीस वर्षांच्या प्रत्येक रिपोर्टकडे लोक बोट दाखवणार. त्या आकड्यांवर लोकांनी निबंध लिहिलेले, कारखान्यांनी मलमं बदललेली. आणि माझ्या निवृत्तीला राहिलेले तीन महिने. मला दिसायला लागलं, की निरोपाच्या भाषणात लोक एकमेकांना कोपर मारतायत.

मी आमच्या पाटणकर सरांना सांगितलं. सर म्हणजे ठाण्याचे प्रमुख. माणूस वाईट नव्हे, पण भांडण म्हटलं की त्यांना आधी घाम फुटतो. त्यांनी दार लावून घेतलं. "शैलाताई, डोक्याला ताप करून घेऊ नका. आपण म्हणू की ठाण्याच्या यंत्राची तबकडी झिजलेली. नवी बसवू. परत मोजू, त्या वेळी तुम्ही ढवळू नका, आकडे जुळतील. मुलगी सुटली, तुम्ही सुटलात, कल्याणवाल्यांना बोलायला जागा नाही. यंत्र काही भांडायला येत नाही."

तुम्हाला वाटत असेल मी ताडकन 'नको' म्हटलं. नाही म्हटलं. मला ते चांगलंच गोड लागलं. घरी आले, छान आमटी-भात जेवले, यांना म्हटलं, "सुटले बाई." रात्री झोपही लागली. मनात फक्त एक खुपत होतं. तबकडी तर झिजलेली नव्हती. ते जातं मी बावीस वर्षं लेकरासारखं पुसलेलं, त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. त्याच्या नावाने बोंब मारायची? हसू नका, पण पोरीपेक्षा आधी मला त्या यंत्राची लाज वाटली.

शुक्रवारी बैठक कल्याणला होती. समितीच्या अध्यक्ष बाहेरच्या, निवृत्त प्राध्यापिका, पांढराशुभ्र अंबाडा आणि नजर सुईसारखी. एका बाजूला ठाणेकर, एका बाजूला कल्याणकर, लग्नातल्या दोन पक्षांसारखे. पाटणकर सरांच्या हातात झिजलेल्या तबकडीचं टिपण तयार होतं. ऋतुजा टोकाला एकटी बसलेली, मांडीवर बॅग घट्ट धरून.

अध्यक्षबाईंनी आधी तिलाच विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

सोमवारपासून तिला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलली असती की ती मोकळी. ती उभी राहिली. "माझे आकडे खरे आहेत," म्हणाली. "ठाण्याचेही खरे आहेत." आणि खाली बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दोन्ही खरे कसे असतील?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

पाटणकर सरांनी घसा साफ केला, टिपण उचललं, म्हणाले, "मॅडम, त्याबाबत तांत्रिकदृष्ट्या—"

"सर, बसा," मी म्हटलं. वरिष्ठांना भर बैठकीत बसा म्हणण्याची ही माझी पहिली आणि शेवटची वेळ. "मी सांगते. तबकडीला काही झालेलं नाही. मी मोजायच्या आधी नमुना ढवळते. तळापासून तीन वळसे. पत्रकात ते लिहायचं राहिलं. या मुलीचं जेल ढवळल्यावर मोडतं आणि पाच मिनिटांत सावरत नाही, म्हणून माझा आकडा निम्मा. तिने काही बदललेलं नाही. चूक माझी आहे."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "किती वर्षं ढवळताय?"

"बावीस."

कल्याणच्या बाजूला कुणीतरी हसलं. मला वाटलं भोईर असतील, पण ते खाली मान घालून बसलेले. हसणारा दुसराच होता, आणि भोईरांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू घशातच राहिलं.

मी ऋतुजाकडे वळले. "अगं, तुझ्या कामावर डाग आला तो माझ्या हाताने. मला माफ कर." हे मी घरून ठरवून आले नव्हते. तोंडातून निघालं आणि त्याबरोबर डोळ्यांतूनही पाणी आलं. आयुष्यात मी नोकरीच्या जागी कधी रडले नव्हते.

समितीने ऋतुजाला तिथल्या तिथे मोकळं केलं आणि तसं लिहूनही दिलं. तिच्या मार्गदर्शकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, ते मला जरा उशिरा वाटलं, पण ठेवला. मग चर्चा माझ्यावर आली. ठाण्याच्या जुन्या रिपोर्टांचं काय करायचं? एकजण म्हणाला, सगळे रद्द धरावेत. दुसरा म्हणाला, निदान शंकास्पद असा शेरा मारावा. निर्णय जेवणानंतर, असं ठरलं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. बावीस वर्षं, आणि सगळ्यावर 'शंकास्पद'. पण का कोण जाणे, छाती हलकी झालेली.

ऋतुजा मागून आली. मी विचारलं, "का गं, बोलली का नाहीस? एका वाक्यात सुटली असतीस."

"मला वाटलं तुम्ही सांगाल."

"आणि नसतं सांगितलं तर?"

तिने बॅग उघडली आणि एक लिफाफा काढला. "तर हे दिलं असतं. काल रात्रीच लिहून ठेवलेलं. पाटणकर सर बोलायला लागले तेव्हा बाहेर काढणारच होते, पण तुम्ही त्यांना बसवलंत." आणि हसली. तिला हसताना मी महिनाभरात पहिल्यांदा बघत होते.

"दाखव."

"नको ना मॅडम. झालं ना आता."

"दाखव म्हणते ना!"

समितीच्या अध्यक्षांच्या नावे तक्रार होती. माझं पूर्ण नाव, हुद्दा, पत्रकाची प्रत, सोमवारी काय घडलं ते ओळीने. एक शब्द खोटा नाही, एक शब्द तिखट नाही. मी वाचत गेले. शेवटच्या परिच्छेदात लिहिलेलं, की शैलाताईंनी हे जाणूनबुजून केलेलं नाही. त्यांच्या बावीस वर्षांच्या मोजण्या रद्द करू नयेत. प्रत्येक नमुना त्यांनी दर वेळी एकाच रीतीने, तीनच वेळा ढवळला असल्याने त्या सर्व मोजण्या ढवळलेल्या नमुन्यांच्या म्हणून बरोबर आहेत. प्रत्येक रिपोर्टवर फक्त 'नमुना ढवळून मोजला' एवढी ओळ वाढवावी. खाली तिने माझ्या जुन्या रिपोर्टांतले, कल्याणला जपून ठेवलेले सात नमुने निवडून, ढवळून आणि न ढवळता दोन्ही प्रकारे पुन्हा मोजून, तक्ता जोडलेला. ढवळलेले सातही माझ्या जुन्या आकड्यांशी जुळत होते. मंगळवार ते गुरुवार, तीन दिवस ही पोरगी आणि भोईर जात्याला बसून हे करत होते. ज्या दिवसांत तिने स्वतःची बाजू मांडायची, त्या दिवसांत.

मी पदराने चष्मा पुसला आणि लिफाफा तिच्या हातात परत दिला.

"जा, आत देऊन ये."

"अहो, पण ही तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

"म्हणूनच म्हणते, दे. तक्रार म्हणून आलं की निर्णयाआधी तो तक्ता त्यांना वाचावाच लागेल."

ती जागची हलेना. मग मीच तिच्या हाताला धरून कार्यालयात घेऊन गेले, आवक कारकुनाच्या टेबलावर लिफाफा ठेवला आणि माझ्याविरुद्धची तक्रार माझ्यासमोर नोंदवहीत नोंदवून, शिक्का मारून घेतला.